हातचलाखीची जादू आणि तिच्यावर चालणारं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्ते, नाणी, दोरी, रुमाल आणि रिकामे हात एवढ्यावर रंगमंचावर उभं राहणाऱ्या जादूगाराच्या व्यवसायाबद्दल मला सतत विचारणा होत असते. विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं असतात, त्यांचे आईवडील असतात, नोकरी सांभाळून शिकणारे असतात आणि कार्यक्रम ठरवणारी मंडळंही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकही प्रयोग कसा होतो हे मात्र इथे उघड केलेलं नाही. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१. हातचलाखीची जादू म्हणजे नेमकी कुठली? पेटीतल्या मुलीचे तुकडे करतात ती का?

ती वेगळी. पेट्या, करवती, पिंजरे, पडदे आणि मदतनीसांचा ताफा लागतो ती मोठ्या साहित्याची जादू. आपल्याकडे पी. सी. सरकार यांच्या 'इंद्रजाल'ने ती घराघरांत नेली. पुण्याच्या रघुवीर घराण्याच्या तीन पिढ्यांनी मराठी प्रेक्षकांना रंगमंचावरच्या जादूचा लळा लावला. हातचलाखीत साहित्य खिशात मावतं आणि सगळी करामत बोटांत असते. जुना गारुडी जमिनीवर बसून तीन वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करायचा, तो याच घराण्यातला. त्याच्याकडे पडदा नव्हता, दिवे नव्हते, चारी बाजूंनी माणसं बसलेली असायची. म्हणून मी त्याला फार मोठा कलावंत मानतो.

२. हात डोळ्यापेक्षा वेगवान असतो, म्हणून आपण फसतो ना?

नाही. हा समज इतका पक्का आहे की शिकणारेही सुरुवातीला हात भराभर हलवू लागतात आणि लगेच पकडले जातात. झटकन झालेली हालचाल डोळा हमखास टिपतो. चांगला जादूगार सावकाश, रोजच्यासारखा हात हलवतो, आणि प्रेक्षकाला ज्या क्षणी तिकडे बघावंसं वाटत नाही तो क्षण निवडतो. एखादा विनोद झाल्यावर लोक हसतात आणि खुर्चीत मागे टेकतात. आधीचा प्रयोग संपल्यासारखा वाटतो आणि टाळी पडते. कुणाला प्रश्न विचारला की तो तुमच्या तोंडाकडे बघतो. अशा जागी काम उरकलेलं असतं.

अर्जेंटिनाचे रेने लावांद हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. लहानपणी अपघातात त्यांचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने ते पत्त्यांचे प्रयोग करायचे, आणि तोच प्रयोग पुन्हा आणखी सावकाश, मग आणखी सावकाश करून दाखवायचे. 'याहून सावकाश करता येत नाही' हे त्यांचं वाक्य जगभरच्या जादूगारांना पाठ आहे.

३. सुरुवात कशाने करू, पत्त्यांनी की नाण्यांनी?

जे सतत खिशात राहील त्याने. नाण्यांचा सराव बसमध्ये, रांगेत, चालताना होतो. पत्त्यांना बसायला जागा आणि समोर आरसा लागतो. पत्ते घेतलेत तर कागदी घ्या. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे पत्ते धुवायला बरे, पण ते फार निसटतात, पंख्यासारखे पसरत नाहीत आणि एकदा वाकले की सरळ होत नाहीत. जादूगार बहुतेक पोकर मापाचे, म्हणजे ६३ मिलिमीटर रुंदीचे पत्ते वापरतात. ब्रिज मापाचे पत्ते ५७ मिलिमीटरचे असतात.

नाणं मोठं आणि कडेला खाचा असलेलं असावं, म्हणजे तळहातात धरायला पकड मिळते. घरात आजीच्या डब्यात जुना चांदीचा रुपया असेल तर तो साधारण ३० मिलिमीटरचा असतो. जगभरचे जादूगार वापरतात त्या अमेरिकी हाफ डॉलरच्या अगदी जवळपासचं हे माप. आजीला विचारून घ्या. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरही उत्तम सराव होतो.

दुकानातला 'मॅजिक सेट' मुलांना गोडी लावायला चांगला आहे. पण त्यातलं साहित्य स्वतःच सगळं काम करतं, हात काही शिकत नाही.

४. रोज किती सराव करावा? किती वर्षांत रंगमंचावर उभं राहता येईल?

रोज थोडा, पण न चुकता. आठवड्यातून एकदा पाच तास बसण्यापेक्षा रोजची वीस-पंचवीस मिनिटं हाताला जास्त शिकवतात. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबा. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा, अंगठ्यावर आणि मनगटावर या कामाचा ताण येतोच.

सरावाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात हात शिकतो. दुसऱ्यात हात विसरायचा असतो. नाणं तळहातात लपलेलं असताना तुम्हाला चहाचा कप उचलता आला पाहिजे, घड्याळ सारखं करता आलं पाहिजे, समोरच्याचं नाव विचारून ते लक्षात ठेवता आलं पाहिजे. बहुतेक लोक पहिला टप्पा संपला की तयारी झाली असं धरतात. आरशासमोर आणखी एक खोड लागते. नेमकी चलाखी करताना डोळे मिटले जातात आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून बघा.

वर्षांचं विचाराल तर चार माणसांसमोर एक नीट प्रयोग काही महिन्यांत जमतो. पाऊण तास अनोळखी लोकांना बांधून ठेवायला काही वर्षं लागतात, आणि ती वर्षं घरी सरावात जात नाहीत, लोकांसमोर जातात.

५. माझे हात लहान आहेत, घामही फार येतो, आणि मी डावखुरा आहे. जमेल का?

जमेल. एका हाताने लावांद यांनी आयुष्यभर काम केलं (प्रश्न २). लहान हातासाठी ब्रिज मापाचे पत्ते किंवा थोडं लहान नाणं घ्या. डावखुऱ्यांनी पुस्तकातलं वर्णन उलट करून शिकावं, पण पत्ता दिसण्याच्या बाबतीत एक अडचण येते. पुष्कळ पत्त्यांवर आकडा दोनच कोपऱ्यांत असतो. उलट्या दिशेने पंखा उघडला तर आकडे झाकले जातात. चारही कोपऱ्यांत आकडे असलेला जोड घ्या.

घामाचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मुंबई, कोकण, गोवा या दमट हवेत जून ते सप्टेंबर कागदी पत्ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. जोड हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. प्रयोगाआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात एक कोरा जोड कायम राखीव हवा. उलट डिसेंबरात विदर्भात आणि मराठवाड्यात हात इतके कोरडे पडतात की नाणं धरलं जात नाही. तिथे आदल्या रात्री क्रीम लावायचं, प्रयोगाच्या दिवशी नाही.

६. यूट्यूबवर सगळं मिळतं. मग गुरू कशाला हवा? आणि तुम्ही रहस्य का सांगत नाही?

यूट्यूबवर कृती मिळते. तुमचा खांदा चलाखीच्या क्षणी वर उचलला जातो, हे मात्र समोर बसलेलं माणूसच सांगतं. गुरू नाही मिळाला तर शिकणाऱ्या दोघातिघांनी दर आठवड्याला एकत्र बसावं आणि एकमेकांना बिनधास्त दाखवावं.

पुस्तकंही सोडू नका. पत्त्यांच्या हातचलाखीचा आजही मूळ आधार मानला जाणारा ग्रंथ १९०२ मध्ये एस. डब्ल्यू. एर्डनेझ या टोपणनावाने निघाला. लिहिणारा खरा कोण होता हे अजून सिद्ध झालेलं नाही. कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्नन यांनी लहानपणी तो पाठ केला आणि आयुष्यभर त्यातल्या एकेका ओळीवर काम केलं. १९२२ मध्ये शिकागोत त्यांनी जगप्रसिद्ध जादूगार हूडिनीसमोर एक पत्ता पुन्हा पुन्हा गड्डीच्या मध्ये घातला आणि तो पुन्हा पुन्हा वर आला. कुठलाही प्रयोग तीनदा बघितला की ओळखतो, असं सांगणाऱ्या हूडिनीला तो ओळखता आला नाही.

रहस्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शिकायला आलेल्याला मी हातचं राखून काही ठेवत नाही. फक्त कुतूहल म्हणून विचारणाऱ्याला सांगत नाही, कारण ऐकल्यावर त्याचा आनंद जातो आणि हातात काही उरत नाही. बहुतेक रहस्यं ऐकायला अगदी साधी असतात.

७. माझं वय ३८ आहे, नोकरी आहे. उशीर झाला का?

व्यवसायाला उशीर झालेला नाही. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे रॉबेर-ऊदँ हे घड्याळजी होते. पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःचं जादूचं नाट्यगृह ३ जुलै १८४५ रोजी उघडलं, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. मोठ्या वयात बोटं हळू शिकतात हे खरं, पण लोकांशी बोलायचं कसं हे तुम्ही आधीच शिकलेले असता. नोकरी लगेच सोडू नका (पुढचा प्रश्न पाहा).

८. यावर घर चालतं का? खरं सांगा.

चालतं, पण नुसत्या हातचलाखीवर क्वचित. विसाव्या शतकातले सर्वश्रेष्ठ हातचलाखीकार असं जादूगार ज्यांना एकमुखाने म्हणतात, ते डाय व्हर्ननसुद्धा अनेक वर्षं काळ्या कागदातून लोकांच्या चेहऱ्याच्या आकृत्या कात्रीने कापून देऊन पैसे मिळवत. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बांधकामावर काम करताना ते पडले आणि दोन्ही हात मोडले. पुढे लॉस एंजेलिसच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये त्यांनी पिढ्या घडवल्या आणि ९८ वर्षं जगले. हे भीती घालायला सांगत नाही. कौशल्य आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींची वेगळी तयारी करावी लागते, एवढंच.

आपल्याकडे कामं कुठून येतात? वाढदिवस, शाळा, गृहसंकुलांचे गणपती, लग्नाचे स्वागतसमारंभ, कंपन्यांचे कार्यक्रम, हॉटेलं आणि रिसॉर्ट. वर्ष सारखं नसतं. गणेशोत्सवात एकेका संध्याकाळी दोन बोलावणी असतात. लगेच पितृपक्षात फोन बंद. नवरात्र, कोजागरी, दिवाळीनंतर लग्नं, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, नाताळात गोव्याची हॉटेलं. मग परीक्षा आल्या की शाळा संपल्या. पावसाळ्यात बाहेरचे कार्यक्रम जवळजवळ नसतातच. म्हणून चांगल्या चार महिन्यांच्या कमाईतून पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा लागतो, आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पूर्णवेळ यात उतरू नये.

मानधन ठरवताना प्रयोगाची पंचेचाळीस मिनिटं मोजू नका. प्रवास, वाट बघणं, साहित्याची मांडणी आणि आवराआवर मिळून तो पूर्ण दिवस जातो. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. तारीख, वेळ, जागा, ध्वनिक्षेपक कुणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. कंपन्या मानधनातून टीडीएस कापतात. विवरणपत्र न चुकता भरलं तर जास्तीचा कापलेला कर परत मिळतो आणि पुढे गृहकर्जालाही ते कागद लागतात. 'प्रसिद्धी मिळेल, मानधन नाही' असं सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. अनाथाश्रमात, रुग्णालयात मात्र मनापासून फुकट करा. तो निर्णय तुमचा असू दे.

९. मुलगा दहावीत आहे, शाळा सोडून जादूगार व्हायचं म्हणतो. काय करू?

रागावू नका, पत्ते काढून घेऊ नका. शाळा सुटू देऊ नका. या व्यवसायात बोलणं, लिहिणं, हिशेब, दोन-तीन भाषा सगळं लागतं, आणि कंपन्यांची कामं मिळवायला इंग्रजी लागतंच. त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात, गल्लीच्या गणपतीत पाच मिनिटं मिळवून द्या. अनोळखी लोकांसमोर घाबरून, चुकून, तरी पुन्हा उभा राहिला तर त्याची ओढ खरी आहे. अशा मुलाला नाट्यशिबिरात घालणं ही मला सर्वांत उपयोगाची मदत वाटते. हाताचं काम तो स्वतः करेल, आवाजाचं आणि उभं राहण्याचं कुणीतरी शिकवावं लागतं.

१०. मुलींना यात स्थान आहे का?

आहे, पण ते भांडून मिळालेलं आहे. ॲडलेड हरमन यांनी जादूगार पती गेल्यावर १८९७ मध्ये बंदुकीची गोळी पकडण्याचा प्रयोग स्वतः केला आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःचा खेळ घेऊन फिरल्या. तरी लंडनच्या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संघटनेने स्त्रियांना सदस्यत्व द्यायला १९९१ उजाडलं. त्याआधी सोफी लॉइड नावाची अभिनेत्री पुरुषाच्या वेषात परीक्षा देऊन तिथे सदस्य झाली. तिने खरं सांगितल्यावर तिलाच काढून टाकलं, आणि २०२५ मध्ये सन्मानाने परत घेतलं.

एक व्यावहारिक अडचण आजही आहे. पुस्तकांतल्या निम्म्या कृती कोटाचे खिसे आणि बाह्या गृहीत धरून लिहिलेल्या असतात. साडी किंवा कुर्त्यात काम करणारीला आपलं तंत्र नव्याने बसवावं लागतं. पण त्यातून जे तयार होतं ते दुसऱ्या कुणाकडे नसतं.

११. नाणं तर बोटाएवढं. हजार माणसांच्या नाट्यगृहात ते दिसणार कसं?

आज बरेच जण कॅमेरा लावून पडद्यावर मोठं दाखवतात. चालतं, पण प्रेक्षक मग माणसाकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो. जुन्यांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवला होता. अमेरिकेत आयोवातल्या रेल्वेत तारखात्यात काम करणाऱ्या टी. नेल्सन डाउन्स यांनी हवेतून नाण्यामागून नाणं काढून ते टोपीत टाकायचा खेळ बसवला आणि १८९९ मध्ये लंडनचं पॅलेस थिएटर गाजवलं. नाणं दिसलं नाही तरी प्रत्येक नाण्याचा खणकन आवाज शेवटच्या रांगेत पोचायचा.

वेल्सचे कार्डिनी पहिल्या महायुद्धात खंदकात होते, तिथल्या थंडीत हातमोजे घालून सराव करायचे. पुढे रंगमंचावरही ते पांढरे हातमोजे घालून पत्त्यांचे पंखे उघडत. आणि त्यांनी एक पात्र उभं केलं : थोडी चढलेला, सभ्य गृहस्थ. पत्ते नको म्हटलं तरी त्याच्या हातात येतच राहतात आणि तो गोंधळून जातो. हे गोंधळणं शेवटच्या रांगेतून दिसतं. रंगमंचावर हातचलाखी न्यायची तर आधी पात्र शोधा.

१२. स्पर्धांचा उपयोग होतो का?

शिकायला खूप, कामं मिळायला थोडा. जागतिक स्पर्धा 'फिझम' ही संघटना भरवते. तिची सुरुवात १९४८ मध्ये लोझानला झाली. स्पर्धा दर तीन वर्षांनी होते, २०२५ ची तुरीनला झाली. हातचलाखीसाठी रंगमंचावरचा आणि पत्त्यांचा असे वेगळे विभाग आहेत. २०१२ मध्ये ब्लॅकपूलला दक्षिण कोरियाच्या यू हो-जिनने केवळ पत्त्यांवर रंगमंच विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. त्याचं चित्रीकरण जरूर बघा, हात किती शांत आहेत ते बघा. प्रयोग पाच ते दहा मिनिटांचाच असावा लागतो, त्यामुळे नको ते सगळं गळून पडतं.

१३. भर कार्यक्रमात कुणी पकडलं तर?

हसून मान्य करा आणि पुढे जा. वाद घालू नका, त्याला खोटं पाडू नका. लहान मुलं तर मोठ्याने ओरडतातच, 'खिशात आहे!' त्यांची नजर मोठ्यांपेक्षा कमी भरकटते, म्हणून मुलांचे कार्यक्रम सोपे समजू नयेत. प्रयोग पुढे काय होणार हे आधी कधीच जाहीर करू नका. म्हणजे एक वाट बंद झाली तर दुसऱ्या वाटेने शेवट करता येतो. तोच प्रयोग त्याच लोकांसमोर पुन्हा करू नये, हा नियम मात्र नवख्यांनी कसोशीने पाळावा. व्हर्नन यांचं उदाहरण (प्रश्न ६) त्यांच्यापुरतं.

१४. रस्त्यावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर खेळ करून पैसे गोळा करता येतील?

इथे सावध राहा. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मध्ये भीक मागण्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवण्याच्या निमित्ताने पैसे घेणंही येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे लागू असलेल्या या कायद्याची बरीच कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता आहे. ज्या गारुड्यांनी आणि मदाऱ्यांनी ही कला शेकडो वर्षं जिवंत ठेवली त्यांना भिकाऱ्यांत मोजणारा हा कायदा मला अन्यायाचा वाटतो. तो बदलेपर्यंत स्थानिक प्रशासनाची आणि पोलिसांची लेखी परवानगी घ्या, किंवा कुठल्या तरी महोत्सवाचा भाग म्हणून करा.

१५. जादूटोणाविरोधी कायदा जादूगारांना लागू होतो का?

करमणूक म्हणून, 'ही हातचलाखी आहे' असं सांगून केलेल्या प्रयोगाला नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणाऱ्या, लोकांना फसवणाऱ्या आणि दहशत घालणाऱ्यांसाठी आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षं कारावासाची तरतूद आहे.

खरी कसोटी कार्यक्रमानंतर लागते. एखादी आजी हात धरून विचारते, 'माझ्या नातवाचं दुखणं बरं करशील का रे?' एखादा पैसे दुप्पट करायला सांगतो. अशा वेळी हसण्यावारी नेऊ नका. बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की माझ्याकडे कुठलीही शक्ती नाही, हा सरावाचा खेळ आहे, नातवाला डॉक्टरकडे न्या. मनातलं ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्यांनी हे रंगमंचावरूनच सांगावं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मागचं विज्ञान समजावतात, तेव्हा रहस्य उघड होतं म्हणून काही जादूगार कुरकुर करतात. मला ते पटत नाही. बुवाच्या हातातली चलाखी उघडी पडलीच पाहिजे.

१६. प्रयोगात कबुतर, ससा, पोपट वापरू का?

नवख्याने नकोच. प्राण्यांचा खेळात वापर करायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. देशी पोपट आणि साप तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते पाळणंही गुन्हा आहे.

१७. पत्ते इतके हातात असतील तर तीनपत्तीत कायम जिंकता येईल ना?

हा प्रश्न दर दिवाळीला येतो. पैसे लावून केलेली पत्त्यांची चलाखी ही सरळ फसवणूक आहे. एर्डनेझचा ग्रंथ (प्रश्न ६) मूळ जुगारातल्या लबाड्यांबद्दलच आहे आणि व्हर्नन तर जुगाऱ्यांचं एक तंत्र बघायला अमेरिकेतल्या मिझुरीत कुठल्या कुठे गेले. पण ते तंत्र त्यांनी रंगमंचावर आणलं. मी नातेवाइकांतही पैसे लावून खेळत नाही. जिंकलो तर शंका, हरलो तरी शंका. लोकल गाडीत किंवा जत्रेत तीन पानांतली राणी ओळखायला सांगणारा दिसला तर तिथून निघा. आजूबाजूला जिंकणारे त्याचेच साथीदार असतात.

१८. माझा बसवलेला प्रयोग दुसऱ्याने जसाच्या तसा उचलला. कायदा काही करेल का?

थोडंफार. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलावंताच्या व्याख्येत अभिनेता, गायक, नर्तक यांच्याबरोबर हातचलाखी करणारा जादूगार आणि गारुडीसुद्धा नावानिशी आहे. म्हणजे तुमचा प्रयोग तुमच्या संमतीशिवाय कुणी चित्रित करून विकला तर तुम्हाला हक्क सांगता येतो. हा हक्क ५० वर्षं टिकतो.

पण युक्ती, म्हणजे नाणं कसं गेलं हे, कॉपीराइटमध्ये येत नाही. तुमची गोष्ट, संवाद, हालचालींची बांधणी, संगीत यांचा विचार होऊ शकतो. अमेरिकेत टेलर या जादूगाराने गुलाबाच्या सावलीवरचा आपला मूकप्रयोग १९८३ मध्येच नोंदवून ठेवला होता. एका परदेशी जादूगाराने तसाच प्रयोग यूट्यूबवर टाकून रहस्य विकायला काढलं, तेव्हा २०१४ मध्ये न्यायालयाने टेलरच्या बाजूने निकाल दिला. मूकनाट्य म्हणून केलेली नोंदणी तिथे कामी आली.

तेव्हा तुमच्या प्रयोगाची संहिता लिहा, तारखेसह चित्रीकरण ठेवा, शक्य असेल तर नोंदणी करा. उचलणाऱ्याला आधी फोन करा. पुष्कळदा तो नवखा असतो, कुठेतरी बघून मोह झालेला असतो, आणि नीट बोललं तर ऐकतो. दुसऱ्याचा प्रयोग आवडला तर तुम्हीही त्याला विचारून, त्याचं नाव घेऊन करा. मूळ करणारा हयात नसला तरी त्याचं नाव घ्या.